पाचव्याचं राहिलेलं धुणं

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पेरूच्या डोंगरांतल्या हुआमांगा शहरात रेडिओवर सकाळपासून एकच नाव वाजत होतं, दोक्तोरा नेलिदा अयार्सा. आमच्याकडे वकीलबाईलाही दोक्तोराच म्हणतात, दुखणं बरं होवो न होवो. उर्कुमायो गावात सैनिकांनी गोळ्या घालून मारलेल्या माणसांचा खटला तिने तीसेक वर्षं लावून धरला आणि अखेर जिंकला. म्हातारा झालेला मेजर तुरुंगात गेला. बाजारातल्या भाजीवाल्या तिच्या उंबऱ्यावर फुलं ठेवून गेल्या. समोरचा न्हावी कालपर्यंत तिला पाठीमागे 'दहशतवाद्यांची मावशी' म्हणायचा. तोसुद्धा दारात येऊन म्हणाला, "आम्हाला पहिल्यापासून खात्री होती, दोक्तोरा!" डोंबलाची खात्री! पहिल्यापासून हा तिला पाहून दुकानाची फळी लावून घ्यायचा.

आणि नेलिदा? ती स्वयंपाकघरात आतून कडी घालून बसली होती. पुढ्यात निकालपत्राचा गठ्ठा, शेजारी गार झालेली कॉफी. निकाल तिने दोनदा वाचला होता. तिसऱ्यांदा ती त्यात एकच गोष्ट शोधत होती. एमेतेरियोचा सदरा.

तो कुठेच नव्हता. मेजर अडकला तो त्याच्याच सहीच्या हुकुमात, आणि त्या दिवशी मढ्यांखाली पडून जिवंत राहिलेल्या दोघा भावांच्या जबानीत. सदऱ्याबद्दल जजांनी चांगलं सोडाच, वाईटही लिहिलं नव्हतं. सरकारी तज्ज्ञाने तो मागेच बाजूला सारला होता. इतकी वर्षं कुणाच्या घरात आढ्याला टांगलेलं कापड, त्याला कुणाकुणाचे हात लागले असतील, त्याचा काय भरवसा, असं तो म्हणाला होता. जजांनी मान डोलावली आणि पुढची वस्तू मागवली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

नेलिदाच्या दृष्टीने नाही. त्या सदऱ्यासाठी तिने एका बाईचा अख्खा संसार टांगून ठेवला होता.

नेलिदा वाढली ती पावाच्या भट्टीसमोर. तिची आई फोर्तुनाता सान ख्वान भागात चाप्ला भाजून विकायची. चाप्ला म्हणजे आमचा पातळ, आतून पोकळ पाव. बाप लवकर गेला. "पोरीला कायदा शिकवून काय दिवे लावणार आहेस?" असं विचारणाऱ्यांना फोर्तुनाता म्हणायची, "तुमच्यासारख्यांना गप्प बसवायला शिकवतेय." पोरगी शिकली. जुन्या बाजारातून घेतलेला काळा कोट घालून कोर्टात जाऊ लागली. आणि तेवढ्यात आमच्या डोंगरांत ते भयंकर दिवस सुरू झाले. एका बाजूने बंडखोर यायचे, दुसऱ्या बाजूने सैनिक, आणि मधल्या मध्ये बटाटा पेरणारा माणूस मरायचा.

लष्करी तळाच्या दारात बायका उचलून नेलेल्या नवऱ्यांचे, पोरांचे फोटो घेऊन बसायच्या. शहाणे वकील तो रस्ता टाळून जायचे. त्यांना घरदार होतं. नेलिदाला फक्त अक्कल कमी होती, असं आई म्हणायची. ती त्या बायकांत जाऊन बसली, त्यांचे अर्ज लिहू लागली. आईकडून शिकलेली तिची केचुआ डोंगरातल्या बायांसारखीच होती. सरकारी कचेऱ्यांतून स्पॅनिशमध्ये हाकलून दिलेल्या बायकांना तिच्या तोंडची ती भाषा ऐकूनच रडू यायचं.

उर्कुमायोची बातमी आली तशी ती बटाट्याच्या ट्रकवर बसून निघाली. गावातल्या सात माणसांना मक्याच्या शेतात उभं करून मारलं होतं. ती पोचली तेव्हा माणसं पुरून झाली होती आणि गावातल्या बाया नदीवर निघाल्या होत्या. पाचवा होता. आमच्याकडे माणूस गेला की पाचव्याला त्याचे कपडे नदीवर धुतात. घरच्या बाईने हात लावायचा नाही, शेजाऱ्यांनी धुवायचं, तिने काठावर बसून त्याच्याशी बोलायचं, निरोप द्यायचा. कपड्यांतून पाणी वाहून गेलं की त्याची वाट मोकळी होते. ते झालं नाही तर तो घराभोवतीच राहतो, धड ना इथला ना तिथला.

नेलिदाला हे काय सांगायला हवं होतं? बापाच्या पाचव्याला शेजारणींच्या हातात साबण तिनेच दिला होता.

तरी ती काठावर उभी राहून ओरडली, "धुऊ नका! बायांनो, धुऊ नका! ते रक्त म्हणजे पुरावा आहे!"

बायांनी तिच्याकडे पाहिलं. एक म्हातारी फणकारली, "ए शहरातल्या बाई, सर बाजूला. मेलेल्यांना अजून किती छळायचंय?" आणि सहा जणींच्या घरचे कपडे पाण्यात गेले. सातवी थांबली. तिचं नाव सातुर्निना, गाव तिला सातुका म्हणायचं. विशी नुकतीच ओलांडलेली, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मांडीवर नवऱ्याचा लोकरी सदरा होता. लोकर तिने कातलेली, मागावर एमेतेरियोने विणलेली. छातीशी एक भोक आणि भोवती वाळून कडक झालेलं रक्त.

"न धुता किती दिवस ठेवायचा?" सातुकाने विचारलं.

"खटला उभा राहीपर्यंत, मामाय. फार तर वर्ष." लहान असो मोठी असो, आम्ही बाईमाणसाला मामाय म्हणतो.

"आणि तोवर तो कुठे जाईल?"

"कोण?"

"एमेतेरियो. त्याला वाट कशी सुटेल?"

इथे नेलिदाने गप्प बसायला हवं होतं. पण वय पंचविशीचं, जीभ वकिलाची. तिला एक चपखल उत्तर सुचलं आणि ते तिने देऊन टाकलं. "त्याला थांबू द्या, मामाय. तो साक्षीदार आहे. साक्षीदाराला कोर्टाचं काम संपेपर्यंत गाव सोडता येत नाही."

सातुकाने मान हलवली. तिला ते पटलं. नवऱ्यावर काहीतरी मोठं काम सोपवलंय, म्हणून जरा अभिमानही वाटला असेल. तिने सदरा घडी करून पोटाशी धरला. परतीच्या ट्रकवर नेलिदा स्वतःवर खूश होती. काय बोललो आपण, व्वा!

घरी आल्यावर तिने हे आईला सांगितलं. फोर्तुनाता भट्टीतून पाव काढत होती. तिने फळी खाली टेकवली.

"काय सांगितलंस तू तिला?"

"अगं, पुरावा आहे तो."

"पुरावा गेला खड्ड्यात! दुसऱ्याचा मेलेला नवरा दारात ताटकळत ठेवायचा, हे तुला कुठल्या विद्यापीठाने शिकवलं गं? तुझ्या बापाचे कपडे मी धुवून घेतले नसते तर तो अजून इथे भट्टीपाशी खोकत बसला असता. जा, उद्या परत जा आणि सांग तिला, धू म्हणावं."

"फार तर वर्षभराचा प्रश्न आहे, आई."

"तुला तिथे ठेवायला हवं वर्षभर. ना घरात, ना वाटेवर. म्हणजे कळेल." आणि त्या दिवशी तिने लेकीला जेवायला वाढलं नाही.

नेलिदा परत गेली नाही. वेळ कुठे होता? तिच्या दाराशी बायकांची रीघ लागली होती. रोज कुणीतरी उचललं जायचं. तिच्या खोलीच्या काचा दोनदा फुटल्या. तिच्याबरोबर काम करणारा एक वकील भर बाजारातून नेला, तो आजवर सापडला नाही. मग लोकांनीच तिला कोंबड्यांच्या गाडीत बसवून लिमाला पाठवलं. तिथे ती काही वर्षं परक्या खोल्यांत राहिली आणि जमेल तिथे जमेल त्याला उर्कुमायोबद्दल सांगत राहिली. परत आली तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. लग्नाचं राहूनच गेलं. त्याचं तिला वाईट वाटलं असेल, नसेल, ती बोलायची नाही. लोकांना वाटायचं, काय जिगरीची बाई! होतीच. खोटं कशाला बोला? कितीतरी पोरं तिने तळाच्या कोठड्यांतून जिवंत बाहेर काढली.

पण दर वर्षी कापणी झाली की सातुका डोंगर उतरून यायची. पाठीवरच्या रंगीत कापडात मका, चीज आणि वाळवलेले बटाटे. ते ओट्यावर ठेवायची, टोपी काढून कोपऱ्यात बसायची आणि विचारायची, "आता धुऊ का, दोक्तोरा?"

"थोडं थांबा, मामाय."

"बरं."

एवढंच. तक्रार नाही, आदळआपट नाही. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, असं नेलिदाला नंतर वाटायचं.

आणि मग सरकारने कायदा केला. लष्कराला सगळं माफ. खटले बंद, फाइली बंद. उर्कुमायोचं सगळं संपलं. त्या वर्षीही सातुका आली, त्या वर्षीही तिने विचारलं. नेलिदाने फक्त 'हो' म्हणायचं होतं. धुवा, मामाय, हरलो आपण. एवढं एक वाक्य. पण ते म्हटलं की हरलो हे कबूल करावं लागत होतं, आणि तेवढा जीव तिच्यात नव्हता. "थोडं थांबा," ती म्हणाली. कुणासाठी थांबवत होती ती? न्यायासाठी? छे! स्वतःच्या हट्टासाठी. हे तिला तेव्हाच कळत होतं, आणि तरीही ती तेच म्हणाली. पुढे जन्मभर तिला डाचलं ते हेच.

सातुकाचं काय चाललं होतं ते तिला गावातल्या दुसऱ्यांकडून कळायचं. शेजारच्या गावचा एक विधुर, मेंढ्यावाला, चांगला माणूस, सातुकाला मागणी घालायला आला होता. सातुका त्याला म्हणाली, "माझा नवरा घरात आहे अजून." तो बिचारा आढ्याकडे बघत बघत निघून गेला. आढ्याला सदऱ्याची पिशवी होती, कसर लागू नये म्हणून आत उग्र वासाच्या मुन्याच्या झुडपाचा पाला भरलेली. घरात भांडं वाजलं, कुत्रं केकाटलं, की सातुका पिशवीवर डाफरायची. "गप बस! तू साक्षीदार आहेस ना? मग साक्षीदारासारखा राहा!" गाव हसायचं. पोरं तिच्या दारावरून जाताना ओरडायची, "साक्षीदार, बाहेर ये!" नेलिदाच्या त्या चपखल उत्तराची गावभर अशी शोभा झाली होती.

पुढे सरकार बदललं, माफीचा कायदा मोडीत निघाला, फाइल उघडली. सातुकाने स्वतःच्या हाताने सदरा कोर्टात दिला. देताना त्याला म्हणाली, "नीट बोल." कारकून हसला. नेलिदाने त्या कारकुनाला बाहेर गाठून असा झापला की बिचारा आठवडाभर तिच्या वाटेला गेला नाही. पण खरी चीड तिला कुणाची आली होती, हे तिचं तिला माहीत होतं. तेव्हा आई गेलेली होती, नाहीतर तिने सांगितलं असतं.

तर असा तो खटला आणि असा तो निकाल. नेलिदाने अर्ज करून सदरा परत मिळवला आणि कोर्टाच्या मोहरेची पिशवी मांडीवर घेऊन उर्कुमायोच्या गाडीत बसली. घाटात वळणावळणावर तिने मनात वाक्यं जुळवली. मामाय, मला माफ करा. मामाय, सदऱ्याचा उपयोग झाला नाही. मामाय, तुमचं आयुष्य मी... पुढचं वाक्य काही केल्या जुळेना.

गावात पोचली तर वेगळंच चित्र. गाव आनंदातही होतं आणि सुतकातही. त्याच आठवड्यात खाणीच्या रस्त्यावर लोक दगड मांडून बसले होते, नदीत खाणीचं घाण पाणी सोडू नका म्हणत होते. पोलिसांनी गोळीबार केला. विल्बेर नावाचा तरुण छातीत गोळी लागून गेला. आज त्याचा पाचवा होता. त्याची बायको रोक्साना अंगणात भिंतीला टेकून बसली होती, समोर टबात नवऱ्याचे कपडे. विशीतली पोर. नेलिदाने तिच्याकडे पाहिलं आणि चटकन मान वळवली.

सातुका दारातच उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, पण सत्तरीची दिसायला लागलेली. तिने आधी पिशवी हातात घेतली, हुंगली, गालाला लावली.

"आलास होय रे," ती पिशवीला म्हणाली. मग नेलिदाचा हात धरून तिला आत नेलं, मेंढीच्या कातड्यावर बसवलं, हातात गरम सुपाची वाटी दिली. "सांगा, दोक्तोरा. रेडिओवर सगळं सांगतात, पण ह्याच्याबद्दल काही बोलत नाहीत. जज काय म्हणाले सदऱ्याबद्दल?"

घाटात जुळवलेलं सगळं ओठांपर्यंत आलं. सातुका पुढे झुकून बसली होती. इतकी वर्षं ती ज्या एका वाक्यासाठी थांबली होती, ते ऐकायला. कसं सांगायचं हिला?

"सगळ्यात आधी सदऱ्याबद्दलच बोलले, मामाय," ती म्हणाली. "त्याच्यामुळेच जिंकलो आपण."

सातुकाने टाळी वाजवली, लहान पोरीसारखी. "ऐकलंस?" ती पिशवीला म्हणाली. "उगीच कुरकुरत होतास! जजांनी तुझं नाव घेतलं, जजांनी! आणि त्या मेंढ्यावाल्याचं नाव घेऊन मला टोचत होतास!" ती हसली, डोळे पुसले, परत हसली. नेलिदाही हसली. जन्मभर कोर्टात शपथ घेऊन खरं बोला असं लोकांना बजावणारी बाई, आणि पहिलं खोटं बोलली ते हिच्याशी. तरी तिला त्या क्षणी वाटलं, जाऊ दे, एवढं तरी हिला मिळू दे. मी मरेपर्यंत हे माझ्याजवळ ठेवीन.

मग सगळे नदीवर निघाले. विल्बेरचे कपडे आणि एमेतेरियोचा सदरा एकाच दिवशी धुवायचे, असं गावाने ठरवलं होतं. एका म्हाताऱ्याने सगळ्यांच्या ओंजळीत चघळायला कोकाची पानं दिली. शेजारणींनी स्कर्ट खोचले आणि पाण्यात उतरल्या. एकीने टबातून विल्बेरचं निळं जाकीट उचललं. छातीशी भोक होतं.

"थांब!" सातुका ओरडली. ती धडपडत पुढे झाली आणि तिने जाकीट हिसकावून घेतलं. "हे धुवायचं नाही! रोक्साना, ऐक माझं, पोरी. हे जपून ठेव. माझा सदरा होता म्हणून मेजर आत गेला. नसता तर सुटला असता. हे पोलीसही सुटतील, तू हे धुतलंस तर. विचार दोक्तोरांना! बोला ना, दोक्तोरा!"

सगळ्या माना नेलिदाकडे वळल्या. रोक्साना उठून उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"न धुता ठेवलं तर तो जाईल कुठे?" तिने विचारलं.

सातुकाच सांगायला लागली, "अगं, तो साक्षीदार..."

"धू," नेलिदा म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू आला नाही. तिने घसा खाकरला. "धू, रोक्साना. विल्बेरची शवचिकित्सा झालीय. गोळी डॉक्टरांनी काढून मोहर लावून ठेवलीय, मघाशी पंचांनी मला त्याचा कागद दाखवलाय. जाकिटाचे आत्ता इथे फोटो काढू. भोकाभोवतीचा तुकडा कापून घेऊ, गावच्या पंचांसमोर पाकिटात घालू, सगळे सह्या करू. तेवढं पुरे आहे. बाकीचं धू आणि त्याला जाऊ दे."

रोक्सानाने जाकीट घेतलं. पंचांपैकी कुणीतरी कात्री आणायला पळालं. बाया कुजबुजल्या. सातुका तिथेच उभी होती, हात पुढे केलेले तसेच.

"तुकडा पुरतो?" तिने विचारलं.

"पुरतो, मामाय."

"तळहाताएवढा?"

"हो."

सातुकाने पाण्याकडे पाहिलं. "तेव्हा नसता पुरला?"

नेलिदाच्या जिभेवर बचावाची सगळी वाक्यं आयती होती. तेव्हा काळ वेगळा होता. तेव्हा तपासण्या नव्हत्या. तेव्हा कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. दुसऱ्या कुणाच्या बाजूने ती उभी असती तर यातल्या एकेका वाक्यावर तासभर बोलली असती.

"पुरला असता," ती म्हणाली. "माझ्या पिशवीत तेव्हा कॅमेरा होता, मामाय. मी काढलाच नाही. मला सुचलंच नाही, आणि नंतर सुचलं तेव्हा तुम्हाला सांगायची लाज वाटली. आणि निकालात सदरा नाहीये. एक अक्षरही नाही. मघाशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

पाण्यातल्या शेजारणींनी हात थांबवले. नेलिदाला वाटलं, आता ही मला मारेल. मारलं असतं तर तिने गाल पुढे केला असता. पण सातुका वाळूत बसली, मांडीवर पिशवी घेतली, दातांनी मोहर तोडली आणि सदरा बाहेर काढला. घडीत अजून अडकलेला मुन्याचा वाळका पाला खाली सांडला. तिने सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या, कॉलर नीट केली, सणाला घालायचा असावा तशी. बराच वेळ ती तेच करत राहिली.

"निरोप मी द्यायचा असतो," ती अखेर म्हणाली. "पण मी काय बोलू ह्याच्याशी? इतकी वर्षं मी ह्याला दटावत आले, कोर्टाचं काम आहे, तुझ्यावाचून अडलंय, थांब. रुसला, तरी थांब म्हटलं. त्या मेंढ्यावाल्याला परत पाठवलं तेव्हाही ह्याला सांगितलं, बघ, तुझ्यासाठी. आता मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही सांगा, दोक्तोरा. थांबवलं तुम्ही, सांगायचंही तुम्हीच."

तिने सदरा नेलिदाच्या हातात दिला. तो किती हलका झाला होता! नेलिदा गुडघ्यांवर बसली. पाणी तिच्या बुटांत शिरलं. लिमाच्या जजांसमोर ती कधी अडखळली नव्हती. मंत्र्यांना, सेनापतींना तिने तोंडावर सुनावलं होतं. आता सदऱ्याच्या भोकातून वाळू दिसत होती.

"एमेतेरियो," ती म्हणाली. "तुमच्यावाचून काही अडलं नव्हतं. तुम्ही तेव्हाच जायला हवं होतंत. मी तुम्हाला थांबवलं आणि हिलाही. चूक माझी."

"मोठ्याने," सातुका म्हणाली. तिचा आवाज रागाचाही नव्हता आणि मायेचाही नव्हता. "तो दिवसा मक्याच्या शेतात असतो. इथलं त्याला ऐकू जायचं नाही."

सातही जणांना मारलं ते शेत नदीपलीकडे चढावर होतं. नेलिदा उठून उभी राहिली, साऱ्या गावासमोर तिकडे तोंड केलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून ओरडून सांगितलं. सातुकाने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं आणि मगच शेजारणींना सदरा पाण्यात घालू दिला.